कॅमशाफ्ट बदलल्यापासून इंजिन चालू होत नाही (मारुती ८००, १९९३, कार्बोरेटर)

कोयनाकाठ, कराड

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९९३ साली नवी घेतलेली मारुती ८०० आजही आमच्या घरी आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर आणि सीबी पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (एकेका सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) असे तिचे मूळ इंजिन आहे. दीडएक वर्षापासून वरच्या कव्हरातून टकटक येत होती आणि टॅपेट करून, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवून, घेतले तरी महिनाभरात ती पुन्हा सुरू व्हायची. गेल्या महिन्यात कव्हर उघडून पाहिले तेव्हा दोन नंबरच्या एका लोबचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचे, टोक झिजून जवळजवळ सपाट झालेले दिसले आणि त्यावर चालणाऱ्या रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या) तोंडावर नख अडकेल एवढे खड्डे पडलेले होते.

ओळखीच्या मेस्त्रींनी घरीच येऊन दोन दिवसांत काम केले. रॉकर शाफ्ट काढले, डिस्ट्रिब्युटर आणि त्याची गिअर केस उतरवून त्या बाजूने जुना कॅम बाहेर ओढला, नवा कॅम, सहाही नवे रॉकर, नवा टायमिंग बेल्ट, ऑइल सील आणि पॅकिंग बसवले. बेल्ट चढवताना मी शेजारीच उभा होतो. कॅमच्या स्प्रॉकेटची (दातेरी चक्राची) आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टनना जोडलेल्या मुख्य दांड्याच्या, स्प्रॉकेटची खूण जागेवर होती, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्यानंतर गाडी एकदाही चालू झालेली नाही. सेल्फ मारल्यावर इंजिन चांगल्या वेगाने फिरते. प्लग काढून हेडला टेकवून पाहिला तर ठिणगी निळी आणि जोरदार पडते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येते, प्लग ओले होऊन बाहेर येतात. मधूनच कार्बोरेटरमधून "फट्" असा आवाज येतो आणि एकदा तर एअर फिल्टरच्या नळीतून धूर निघाला. प्लग वायरी १-३-२ या क्रमाने लावलेल्या आहेत, हे तीनदा तपासले. मेस्त्री आठ दिवसांसाठी गावी गेले आहेत. काल संध्याकाळी बॅटरी उतरेपर्यंत प्रयत्न केला, आज ती चार्जिंगला लावली आहे. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, खुणा जुळलेल्या आहेत, मग राहिले काय? पुन्हा बेल्ट उघडण्याआधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मांडवीतीर, गोवा

माझ्या ओम्नीचे काम झाले होते तेव्हाच्या अनुभवावरून दोन गोष्टी सुचवतो. जुना आणि नवा कॅम शेजारी ठेवून त्यांची तुलना केली होती का? लोबांची जागा, लांबी आणि स्प्रॉकेटच्या बाजूची लोकेटिंग पिन तंतोतंत सारखी हवी. नव्या कॅमबरोबर पिन येईलच असे नाही. ती जुन्या कॅममध्येच राहून गेली, तर बोल्ट आवळताना स्प्रॉकेट कॅमवर सरकते आणि बाहेरून खूण जुळलेली दिसली तरी आतला कॅम भलतीकडे असतो. पेट्रोलचा पंप कॅमवर चालतो, त्यामुळे तोही मी पाहायला सांगितला असता, पण तुमचे प्लग ओले होत आहेत, म्हणजे तो प्रश्न मिटला.

टेस्टलॅम्प, पिंपरी

कोयनाकाठ, पहिली विनंती अशी की बॅटरी चार्ज झाली तरी आता सेल्फ मारू नका. नव्या कॅमच्या लोबवर आणि नव्या रॉकरच्या तोंडावर बसवताना लावलेले तेल हेच सध्या त्यांचे संरक्षण आहे. सेल्फच्या संथ वेगाला या दोन पृष्ठभागांत तेलाचा थर नीट टिकत नाही, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत, उतरते. ज्या झिजेसाठी तुम्ही एवढा खर्च केला, तीच झीज नव्या भागांवर सुरू होऊ द्यायची नसेल, तर इथून पुढची तपासणी पाना घालून हाताने करायची.

दुसरे म्हणजे, कार्बोरेटरमधून आवाज येत असताना त्याच्या तोंडाशी वाकून बघू नका आणि एअर फिल्टर उघडा ठेवू नका. ओल्या प्लगांचे इंजिन कार्बोरेटरमधून भडकते तेव्हा ज्वाळा खरोखर बाहेर येते. हाताशी अग्निशामक किंवा निदान ओले गोणपाट असू द्या.

आता मुद्द्याकडे येतो. ठिणगी आहे आणि पेट्रोल आहे, एवढ्याने इंजिन चालू होत नाही. हवा दाबली गेली पाहिजे आणि ठिणगी त्या दाबाच्या शेवटी पडली पाहिजे. पैकी दाबाचा प्रश्न आधी निकालात काढा, कारण तो तपासायला काहीच उघडावे लागत नाही. तिन्ही प्लग काढा, कॉइलची मधली वायर काढून अर्थला लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून पाच-सहा फेरे होतील एवढाच सेल्फ मारा. एवढ्यापुरता सेल्फ चालेल. गेज नसेल तर शेजारच्या गॅरेजातून तासाभरासाठी आणा. अंगठा लावून केलेल्या अंदाजावर या टप्प्याला विसंबू नका. कॅम बेल्टवर दोन-तीन दात चुकला असेल, किंवा पिन नसल्याने सरकला असेल, तर तिन्ही आकडे एकदम पडलेले दिसतील. एकच आकडा पडला असेल, तर त्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तिन्ही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले, तर बेल्टला हात लावायचे कारण उरत नाही आणि संशय डिस्ट्रिब्युटरवर जातो.

आणखी एक विचारायचे आहे. बेल्ट बसवल्यानंतर डिस्ट्रिब्युटर नेमका कधी आणि कोणती खूण बघून बसवला, हे आठवते का?

पद्मिनीप्रेमी, सोलापूर

मी गेली कित्येक वर्षे प्रीमियर पद्मिनी सांभाळतो. तिचा डिस्ट्रिब्युटर काढून बसवताना माझ्याकडून हीच चूक झाली होती आणि लक्षणेही हुबेहूब हीच होती, अगदी कार्बोरेटरमधल्या "फट्" आवाजासह. रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला फिरता हात, अर्धा फेरा उलटा बसला होता. मी काहीही न उघडता टोपणावरच्या वायरी समोरासमोर बदलल्या, म्हणजे एकची चारला आणि दोनची तीनला, आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. तुम्हीही वायरी एकेक घर सरकवून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे.

टेस्टलॅम्प, पिंपरी

पद्मिनीप्रेमी, तुमचे निदान मला बरोबर वाटते, पण तुमचा उपाय या इंजिनाला लागू पडत नाही. तो का लागू पडत नाही हे नीट लिहितो, कारण चार सिलिंडरच्या गाड्यांवर शिकलेली पुष्कळ चांगली माणसे तीन सिलिंडरपाशी याच ठिकाणी अडतात.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा आणि डिस्ट्रिब्युटरचा एक फेरा होतो. त्यामुळे एक नंबरचा पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा हवा दाबून आणि एकदा जळलेला वायू बाहेर ढकलून. या दुसऱ्या खेपेला डिस्ट्रिब्युटर बसवला, तर तो १८० अंशांनी उलटा बसतो. चार सिलिंडरच्या टोपणात घरे ९० अंशांवर असतात, म्हणून १८० अंशांवर बरोबर दुसरे एक घर सापडते आणि वायरी समोरासमोर बदलल्या की चूक पूर्ण भरून निघते. मारुती ८०० च्या टोपणात तीन घरे १२० अंशांवर आहेत. १८० अंशांवर कोणतेच घर नाही. तिथे रोटरचे टोक दोन घरांच्या बरोबर मध्ये येते. वायरी एक घर सरकवल्या तर ठिणगी डिस्ट्रिब्युटरच्या १२० अंशांनी, म्हणजे क्रँकच्या २४० अंशांनी हलते. आपल्याला हवे आहेत ३६० अंश. दोन घरे सरकवल्या तर ४८० होतात. वायरी कशाही फिरवल्या तरी क्रँकचे १२० अंश चुकलेलेच राहतात, आणि अशा वेळी पडलेली ठिणगी सेल्फला उलटा धक्काही देऊ शकते. तेव्हा कोयनाकाठ, वायरी १-३-२ अशाच राहू द्या.

कोयनाकाठ, कराड

सर्वांचे आभार. शेजारच्या गॅरेजातून गेज आणले. आकडे अनुक्रमे १५०, १४५ आणि १५० पीएसआय आले. लोकेटिंग पिनबद्दल मेस्त्रींना फोन करून विचारले. जुन्या कॅमची पिन काढून नव्यात बसवली आहे, असे त्यांनी खात्रीने सांगितले.

डिस्ट्रिब्युटरचे आठवते तसे लिहितो. पहिल्या दिवशी संध्याकाळी बेल्ट बसवला आणि मेस्त्रींनी पान्याने क्रँक बरेच फेरे फिरवून बेल्टचा ताण पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिअर केस आणि डिस्ट्रिब्युटर बसवायला घेतले, तेव्हा पुढचे बेल्टचे कव्हर लावून झालेले होते. म्हणून त्यांनी क्लच हाउसिंगच्या खिडकीतले रबर काढून फ्लायव्हीलवरची "टी" खूण जुळवली आणि रोटर एक नंबरच्या घरासमोर येईल असा डिस्ट्रिब्युटर बसवला. मग रोटर ज्या घरासमोर येईल त्या सिलिंडरचे टॅपेट, या पद्धतीने १-३-२ क्रमाने टॅपेट केले. फट मोजायच्या फीलर गेजची ०.१५ मिमीची पाती वापरली होती.

टेस्टलॅम्प, पिंपरी

तुम्ही फार नेमके लिहिले आहे, आणि उत्तर त्यातच आहे असे मला वाटते.

आकडे सारखे आणि चांगले आहेत, म्हणजे कॅम आणि क्रँक यांचे नाते जवळपास जागेवर आहे. जवळपास म्हणतो, कारण एखादा दात चुकलेला असेल तर तो गेजवर स्पष्ट दिसेलच असे नाही. परंतु एका दाताने गाडी चालू व्हायची थांबत नाही, ती ओढत नाही एवढेच. शिवाय खुणा तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. बेल्ट उघडू नका.

"टी" खूण फ्लायव्हीलवर आहे आणि फ्लायव्हील क्रँकवर आहे. ती खूण प्रत्येक फेऱ्याला खिडकीत येते. पिस्टन वर आला आहे एवढेच ती सांगते. हवा दाबून आला की धूर ढकलून आला, हे फक्त कॅमला ठाऊक असते, आणि कॅमला विचारायचे म्हणजे रॉकर हलवून पाहायचे. बेल्ट बसवून झाल्यावर क्रँक "बरेच फेरे" फिरला, त्यांची संख्या कोणी मोजली नाही, आणि सकाळी पुढचे कव्हर लागल्यामुळे कॅमची खूण झाकलेली होती. इथे चुकण्याची शक्यता निम्मी होती.

आता असे करा. टॅपेट कव्हर उघडा, प्लग काढलेलेच असू द्या, क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना घालून इंजिन चालते त्याच दिशेने सावकाश फिरवा आणि डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून रोटर एक नंबरच्या घराकडे व "टी" खूण खिडकीत आणा. तिथे थांबून एक नंबरचे दोन्ही रॉकर बोटांनी वरखाली हलवून पाहा. पाना किंचित पुढे-मागे केला तरी दोन्ही रॉकर थोडे खुळखुळतच राहिले तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे आणि माझा तर्क चुकला. पण पाना किंचित हलवताच रॉकर घट्ट होत असतील, पुढे केल्यावर एक व्हॉल्व्ह आणि मागे केल्यावर दुसरा उघडताना दिसत असेल, तर एक नंबर एक्झॉस्टच्या शेवटी उभा आहे आणि तुमची ठिणगी रोज त्याच जागी पडते आहे. इनटेक व्हॉल्व्ह उघडण्याच्या सुमारास ठिणगी पडली की मॅनिफोल्डमधले मिश्रण पेटून कार्बोरेटरमधून आवाज येणारच.

माझा तर्क बरोबर असेल तर आणखी एक गोष्ट दिसली पाहिजे. टॅपेट उलट्या रोटरवर भिस्त ठेवून केलेले आहेत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे रॉकर लोबच्या चढावर असताना त्यांत ०.१५ ची फट ठेवली गेली. इथून क्रँक पूर्ण एक फेरा पुढे न्या. त्या जागी एक नंबरच्या रॉकरखाली ०.१५ ऐवजी कितीतरी मोठी फट सापडेल. पाना हलवताच रॉकर घट्ट झाले आणि फेऱ्यानंतर फट मोठी निघाली, असे दोन्ही दिसले तर शंकेला जागाच राहत नाही.

कोयनाकाठ, कराड

आज सकाळी तुम्ही सांगितले तसेच केले. रोटर एक नंबरच्या घरासमोर, "टी" खूण खिडकीत, आणि एक नंबरचे दोन्ही रॉकर अगदी जेमतेम हलणारे. पाना पुढे सरकवला की एक व्हॉल्व्ह खाली जाऊ लागतो, मागे घेतला की दुसरा. मग पूर्ण एक फेरा पुढे नेला. तिथे दोन्ही रॉकर बोटाने सहज टकटक वाजले, आणि फीलर गेजच्या पात्या एकावर एक ठेवत गेलो तेव्हा ०.९० पर्यंतची जाडी त्या फटीत गेली. दोन आणि तीन नंबरलाही साधारण तसेच आहे.

आता डिस्ट्रिब्युटर काढून बसवायचा आहे. हे मी कधी केलेले नाही. मेस्त्री येईपर्यंत थांबू की स्वतः करू?

टेस्टलॅम्प, पिंपरी

एवढ्या काळजीने तपासणी केलीत, तर हेही काम तुम्ही करू शकाल. इंजिन आता आहे तिथेच ठेवा, म्हणजे "टी" खूण खिडकीत आणि एक नंबरचे दोन्ही रॉकर ढिले. या स्थितीतून क्रँक तसूभरही हलू देऊ नका. गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाकांना दगड लावलेले असू द्या.

टोपणावरच्या एक नंबरच्या घराची रेघ डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या अंगावर खडूने ओढून घ्या. मग डिस्ट्रिब्युटर सरळ वर ओढा. त्याचा गिअर तिरप्या दातांचा असल्याने वर येताना रोटर थोडा फिरलेला दिसेल. किती आणि कोणत्या बाजूला फिरला ते नीट पाहून ठेवा, कारण खाली बसताना तो तेवढाच उलट फिरणार आहे. रोटर अर्धा फेरा फिरवून घ्या, त्यात तो फरक आधीच धरा आणि डिस्ट्रिब्युटर खाली सोडा. पूर्ण बसल्यावर रोटरचे टोक खडूच्या रेघेसमोर हवे. पहिल्या प्रयत्नात एखादा दात मागेपुढे होतो, तेव्हा पुन्हा उचलून बसवा. घाईने बोल्ट आवळून डिस्ट्रिब्युटर खाली दाबू नका, दातावर दात आला असेल तर गिअर तुटतो. गिअर केसमध्ये थोडे इंजिन ऑइल ओतायला विसरू नका. ती केस उतरवून रिकामी झालेली आहे आणि तो गिअर पहिल्या मिनिटाला कोरडा चालता कामा नये.

त्यानंतर टॅपेट करा, पण रोटरवर विसंबून नव्हे. पाना किंचित पुढे-मागे केला तरी त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर ढिलेच राहतात याची बोटाने खात्री करून मगच फीलर घाला.

शेवटी पॉइंटची वेळ. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी बॉडीला लावा. इग्निशन चालू करून क्रँक थोडा मागे घ्या आणि चालत्या दिशेने सावकाश पुढे आणत फ्लायव्हीलवरच्या अ‍ॅडव्हान्सच्या खुणेवर थांबा. डिस्ट्रिब्युटर सैल करून असा फिरवा की बल्ब नेमका त्या जागी पेटेल. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो आणि उघडले की पेटतो. इग्निशन उगाच चालू ठेवू नका, मिटलेल्या पॉइंटमधून कॉइल तापत राहते.

पद्मिनीप्रेमी, सोलापूर

तीन घरांचा हिशोब कागदावर काढून पाहिला आणि पटला. वायरी सरकवण्याचा माझा सल्ला मागे घेतो. कोयनाकाठ, तेल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका. एवढ्या सेल्फनंतर चेंबरमध्ये किती पेट्रोल उतरले असेल ते डिपस्टिकचा वास घेतला तरी कळेल.

कोयनाकाठ, कराड

गाडी चालू झाली.

डिस्ट्रिब्युटर तिसऱ्या प्रयत्नात रेघेसमोर बसला. टॅपेट करायला मला अडीच तास लागले, कारण प्रत्येक रॉकर मी दोनदा तपासला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास खरोखरच येत होता. तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले, प्लग वाळवून घासले. संध्याकाळी सहाच्या सुमारास चोक ओढून सेल्फ मारला आणि दुसऱ्याच फेऱ्याला इंजिनने आवाज दिला. वडील अंगणात खुर्ची टाकून बसले होते, ते उठून बॉनेटपाशी आले आणि कान देऊन ऐकत उभे राहिले. टकटक अजिबात नाही.

मेस्त्रींना फोन करून सगळे सांगितले. ते स्वतःहून म्हणाले की सकाळी कव्हर लागलेले होते तेव्हा रॉकर हलवून बघायला हवे होते. आल्यावर टायमिंग लाइट लावून पुन्हा पाहणार आहेत. आता लगेच गाडी कराडहून साताऱ्यापर्यंत नेऊन आणली तर चालेल का?

टेस्टलॅम्प, पिंपरी

फार आनंद झाला. आधी नव्या कॅमचे रनिंग-इन करा, म्हणजे नवे भाग एकमेकांवर नीट बसू द्या, आणि मग साताऱ्याला जा. रेडिएटर भरून, पंखा चालतो याची खात्री करून, उभ्या गाडीत इंजिन पंधरा-वीस मिनिटे साधारण दोन हजार फेऱ्यांवर ठेवा आणि वेग थोडा वरखाली करत राहा. या गाडीत आरपीएम मीटर नाही, तेव्हा रिकाम्या चालण्यापेक्षा अडीच पट वेग कानाने धरा. रिकाम्या चालीवर पहिली मिनिटे घालवू नका, तिथे लोबवर तेल कमी उडते. नंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सहाही टॅपेट पुन्हा एकदा पाहा आणि पाचशे किलोमीटरनंतर तेल बदला. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरा. चमकणारा चुरा दिसला तर फोटोसह इथे कळवा.